भिंतीतले सात भिक्षू

रविवारची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, आटोपली की क्लूनमोरचं अख्खं गाव फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या भिंतीला कान लावून उभं राही. साडेपाचशे वर्षांपूर्वीचा मठ. इंग्रज शिपायांनी छप्पर जाळलं, सात भिक्षू मारले. उरल्या त्या चार भिंती आणि रिकाम्या कमानी. ते सातजण भिंतीतून अजून स्तोत्रं गातात, हा शोध माल्कीचा. याआधी तो गाढवांचे दात बघून माणसांचं भविष्य सांगायचा.

तो काठीने तीनदा ठोके देई. "बंधूंनो, बोला." आणि भिंत खरोखरच गुणगुणू लागे. फटीतून चिकट, गोड तेल पाझरे. ते त्याने लोकांच्या गुडघ्यांना चोळलं, कानांत घातलं, एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरलाही लावलं.

इटा निवृत्त विज्ञानशिक्षिका. तिला या सगळ्याचं हसू येई. पण धाकट्या बहिणीने, उनाने, हृदयाच्या गोळ्या सोडल्याचं कळलं आणि तिचं हसू मावळलं.

"भिक्षूंनीच सांगितलं," उना म्हणाली.

"कोणत्या भाषेत?"

"लॅटिनमध्ये. माल्कीने अर्थ सांगितला."

"सातवीत मी त्याला दोनदा नापास केलंय, उना."

चार पायऱ्या चढताना उनाला धाप लागत होती. इटाने तिच्या गोळ्यांची डबी खिशात टाकली, तिचा हात धरला आणि तडक मठ गाठला. रविवार होता, गाव भिंतीपाशी जमलेलंच होतं.

"माल्की, समोरच्या भिंतीवर ठोक बघू."

"तिथे भिक्षू नाहीत, बाई."

"बरं, मग इथेच ठोक. आम्ही मागच्या बाजूने ऐकतो."

सगळे तिच्यामागून भिंतीला वळसा घालून गेले. तिने वेलींची जाळी बाजूला सारली. दगडांच्या सांध्यात बोटभर फट होती, आणि तिच्यातून मधमाश्यांची ये-जा चालली होती. पलीकडून तीन ठोके पडले. आतलं पोळं खवळलं, भिंत घुमू लागली.

"हादरा बसला की माश्या अशाच घोंगावतात," इटा म्हणाली. "आणि तुमचं तेल म्हणजे मध."

माल्की धावत आला. "भिक्षूंनीच माश्यांचं रूप घेतलंय."

"मग सातच असायला हव्यात," म्हातारा कोलमन खाटीक म्हणाला. "मोज की."

माल्की इरेला पेटून पुढे झाला. चार मोजल्या, पाचवीने त्याचं नाक गाठलं. तो धावला तो थेट ओढ्यापर्यंत.

उना हळूच म्हणाली, "पण मला बरं वाटत होतं गं."

"वाटेल की. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. भिंत बोलली तर खुशाल ऐकावं. पण तिच्या बोलण्याचा अर्थ दुसराच कुणी सांगू लागला, तर आधी मागची बाजू बघून यावी."

उनाने हात पुढे केला. "दे ती गोळी."