विमानाच्या शेपटीतला तुटका दांडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दांडा आहे आणि सध्या माझे दोन तुकडे आहेत. नाक मुरडू नका. एका प्रवासी विमानाच्या शेपटीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. पुढे वैमानिक सुकाणू ओढायचे, ती ओढ तारांमधून माझ्यापर्यंत यायची, मी शेपटीची फळी हलवायचो आणि विमानाचं नाक वर उचललं जायचं. खिडकीतून ढग पाहणाऱ्या एकाही प्रवाशाला माझा पत्ता नव्हता. मला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे, थोडं वाटायचं.

मिस्त्रीकाका दर तपासणीला मला फडक्याने पुसून म्हणायचे, "हा गडी आपल्या सगळ्यांना पुरून उरणार." मी फुशारून जायचो. पण शेपटीतली जागा अडचणीची. बॅटरीचा उजेड माझ्या समोरच्या अंगावरच पडायचा. मागच्या अंगाला केसाएवढी भेग पडली आणि प्रत्येक उड्डाणात ती जराशी आत सरकत गेली. मागून आरसा धरला असता तर ती दिसली असती. पण विमान सोडायची घाई असायची आणि मी चकचकीत दिसायचो.

एका दुपारी उतरताना मी तुटलो. कॅप्टननी सुकाणू पोटापर्यंत ओढलं, पण नाक वर आलंच नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे माळावर आदळलं. माणसं गेली. ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सगळे अवशेष एका मोठ्या शेडमध्ये आणले. जमिनीवर खडूने विमानाची आकृती आखून प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठेवला. प्रश्न एकच होता, मी हवेत तुटलो की आदळल्यावर? आदळल्यावर तुटलो असेन, तर दोष कॅप्टनचा. बाहेर लोकांनी तो देऊनही टाकला होता. कॅप्टन वाचले होते, कुबड्या घेऊन चालत होते. शाळेत त्यांच्या मुलीशेजारी कुणी बसत नव्हतं. खरं उत्तर माझ्या तुटलेल्या तोंडावर होतं. तिथे हळूहळू वाढलेल्या भेगेच्या बारीक रेषा होत्या, कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशा. पण त्या इतक्या नाजूक होत्या की घासल्या तर गेल्याच.

तपास करणाऱ्या बाईंनी कॅप्टनना बोलावलं. ते पत्नीच्या आधाराने शेपटीपाशी आले. बाई भिंग आणायला टेबलाकडे वळल्या. कॅप्टन कसेबसे खाली बसले. त्यांनी माझा एक तुकडा उचलला, मग दुसरा. कुणीही करेल तेच ते करणार होते, तोंडाला तोंड लावून जुळतं का ते बघणार होते. जुळलं असतंच. आणि त्यांच्या बाजूने बोलणारी एकमेव खूण त्यांच्याच हातांनी पुसली गेली असती.

मला ओरडता येत नाही. तुकडे बोटभर अंतरावर आले.

"थांबा," बाई टेबलापासूनच म्हणाल्या. "जोडू नका. आहे तसंच धरून ठेवा."

"जुळतंय का, एवढंच बघत होतो."

"जुळणारच हो. तुटलं कसं, ते बघायचंय."

कॅप्टननी दोन्ही तुकडे तसेच अधांतरी धरले. पत्नीने खालून त्यांची मनगटं धरली. बाईंनी एक तुकडा अलगद सोडवून घेतला, भिंग लावलं आणि एकेक रेष तपासू लागल्या.

"काय असेल ते एकदाचं सांगून टाका," पत्नी म्हणाली.

"हा हवेतच तुटलाय. किती दिवस हळूहळू तुटत आला होता. तुम्ही ओढत होतात कॅप्टन, पण ती ओढ मागे पोचतच नव्हती."

"म्हणजे मी अजून जोर लावला असता..."

"तरी नाक वर आलं नसतं."

कॅप्टननी माझा उरलेला तुकडा हळूच खाली ठेवला आणि पत्नीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना नुसतं पुसू नका, मागूनही पाहत जा. काही मोडलंच, तर जोडण्याआधी ते कुठून तुटलं ते बघा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. पण तुमच्या वर्गात कॅप्टनच्या मुलीसारखी एखादी मुलगी एकटी बसत असेल, तर तपास पूर्ण व्हायची वाट पाहू नका. आजच तिच्या शेजारी जाऊन बसा.