अरुंद स्कीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला अडकवतात ती लांब पट्टी म्हणजे स्की. खरं तर आम्ही दोघी आहोत. मी डाव्या पायाची आणि माझी जोडीदारीण उजव्या पायाची. ती अबोल आहे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. आधीच सांगून ठेवते, माझ्या मनात दुसऱ्या एका जोडीविषयी फार आकस आहे. तो लपवून गोड गोड बोलणं मला जमणार नाही.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर गोंदाने एकमेकांना चिकटवले, खाली गुळगुळीत तळ बसवला आणि दोन्ही बाजूंना पोलादी कडा लावल्या. माझी कंबर मुद्दाम अरुंद ठेवली. अरुंद स्की कडक, दाबलेल्या बर्फावर झटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि सांगाल तिथे वळते. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण हल्ली दुसरं कुणी सांगत नाही.

दुबईत मी एका परदेशी कुटुंबाबरोबर आले. ते देश सोडून निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं, आणि शारजाच्या अल नहदामध्ये राहणाऱ्या दत्तप्रसाद आणि सुहासिनी यांनी मला आपल्या मुलीसाठी नेलं. मुलीचं नाव मिहिका. दर शनिवारी दत्तप्रसाद तिला मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर घेऊन जात. तिथला बर्फ यंत्राने रोज दाबून सपाट करतात. बाहेर कोणताही ऋतू असो, आत तो एकसारखा कडक. म्हणजे अगदी माझ्यासाठीच केल्यासारखा.

सुरुवातीला मिहिका माझ्यावर उभी राहिली की दोन्ही हात पसरायची आणि बदकन बसायची. हळूहळू तिचे गुडघे वाकायला शिकले, वजन कधी माझ्यावर, कधी उजवीवर पडू लागलं. मग आम्ही वळायला लागलो. तिला शिकवणाऱ्या सायरा मॅडम एकदा दत्तप्रसादांना म्हणाल्या, "इन दोनों की जोड़ी जम गई है." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. घरी आल्यावर मिहिका मला फडक्याने कोरडं पुसायची, कडांना गंज लागला नाही ना ते बघायची, नीट घसरता यावं म्हणून तळाला मेण लावायची. सुहासिनी म्हणायच्या, "अगं, स्वतःचे केस तरी इतके नीट विंचरत जा." मला फार अभिमान वाटायचा.

आणि मग ती रुंद जोडी आली.

दसऱ्याच्या आधी दत्तप्रसादांनी ती दुकानातून आणली. डिसेंबरमध्ये सायरा मॅडम काही मुलींना जॉर्जियातल्या गुदौरीच्या डोंगरावर शिबिराला नेणार होत्या. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये मॉलमधल्या उतारावरच निवडचाचणी होती. मिहिकाने त्यासाठी वर्षभर मेहनत केली होती. तिला आकाशाखालचा बर्फ बघायचा होता. दत्तप्रसादांना वाटलं, खरा डोंगर म्हणजे खरी स्की हवी. त्यांनी नवीन जोडी सोफ्याला टेकवून ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही आपली फ्रिजमधली स्की. आता हिचं काम खलास."

ती रुंद होती, निळी होती, तिच्या अंगावर डोंगरांची चित्रं होती. शेजारची दिया तिच्यावरून हात फिरवून गेली. माझ्यावरून कुणी कधी हात फिरवला नव्हता, मिहिका सोडून. ती जोडी मला कधी टोचून बोलली नाही, तोराही दाखवला नाही. याचाही मला राग यायचा. भांडायला काही कारण तरी द्यावं माणसाने.

खंडेनवमीला तर कडेलोट झाला. त्या दिवशी या घरात कामाच्या वस्तूंची पूजा होते. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, ड्रिल मशीन, सुहासिनींची विळी, सगळं मांडलं होतं. मीना बाजारातून आणलेली झेंडूची फुलं होती. मधोमध ती रुंद जोडी उभी. जिने एक उतारही पाहिला नव्हता, तिला हळदकुंकू लागलं. सुहासिनी म्हणाल्या, "अहो, जुनीलाही फूल वाहूया की. वर्षभर राबलीय."

"जागा कुठे आहे? तिला गाडीत टाकतो. स्पेअर म्हणून राहील," दत्तप्रसाद म्हणाले.

मी इतके दिवस एका मुलीच्या पायाखाली राबले आणि शेवटी स्पेअर झाले. त्यांनी मला गाडीच्या डिकीत समुद्रावरची चटई आणि जॅकच्या शेजारी ठेवलं. गाडी दिवसभर ऑफिससमोर उघड्या पार्किंगमध्ये उभी असायची. मित्रांनो, स्कीचे थर गोंदाने धरलेले असतात. उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडतो. माझ्या टोकाशी एक थर किंचित सुटला. कडांवर तांबूस डाग आले. तळाचं मेण कोरडं झालं. दर शनिवारी डिकी उघडायची, मिहिकाच्या बुटांची पिशवी आत यायची, आणि ती रुंद मात्र मागच्या सीटवर आडवी झोपून एसीत जायची. मला वाटायचं, आज कुणीतरी माझंही नाव काढेल.

चाचणीच्या दिवशीही मी मॉलबाहेर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतच होते. दोन फेऱ्या होत्या. उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळत खाली यायचं, आणि दोनपैकी चांगली वेळ धरायची. पहिली फेरी होऊन गेल्यावर डिकी धाडकन उघडली. दत्तप्रसाद घामाघूम झाले होते आणि फोन कानाला होता.

"हो अगं, जुनीच मागतेय," ते सुहासिनींना सांगत होते. "नवीन खांबांमधून झटकन वळतच नाही म्हणते. तीन खांब चुकता चुकता राहिले, टाइम फार वाईट आलाय. पूजा केलेली स्की आहे, मी समजावलं तिला. ऐकत नाही."

मला उचललं तेव्हा मला जो आनंद झाला तो काय सांगू. त्या निळीची फजिती झाली होती. मी सरकत्या जिन्यावरून एखाद्या पाहुण्यासारखी वर गेले.

आत मिहिका वाट बघत होती. तिने मला खाली टाकलं, बूट अडकवला आणि पुढे सरकली. पण मी सरकेना. मी उन्हातून आले होते, माझा तळ तापलेला होता. अंगाखालचा बर्फ वितळला, लगेच पुन्हा गोठला आणि माझ्या तळाला गोळे होऊन चिकटला. मी जागच्या जागी रुतून बसले. शेजारी ती रुंद जोडी थंडगार, स्वच्छ, तयार उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सायरा मॅडम वाकल्या आणि मला हात लावून बघितला. "ये तो गरम है. थोड़ा ठंडा होने दो, बर्फ खुरचो, फिर चलेगी."

"पण हिचं नाव आता पुकारतील," दत्तप्रसाद म्हणाले. "मिहू, नवीन घाल ना. आख़िर स्की तो स्की है, मॅडम."

"सर, ऊँट रेत में क्यों नहीं धँसता? पैर चौड़ा है. ताज़ी, गहरी बर्फ में चौड़ी स्की वैसे ही तैरती है. अब उसी ऊँट को फुजैरा के पहाड़ पे चढ़ाइए. वहाँ बकरी चाहिए. ये कड़क बर्फ है."

बकरी म्हटलेलं मला आवडलं नाही. पण वेळ मानापमानाची नव्हती.

मिहिकाचं नाव पुकारलं. तिने हात वर केला. "कॅन आय गो लास्ट?"

"लास्ट में ट्रैक टूटा हुआ मिलेगा," सायरा मॅडम म्हणाल्या. "हर खंभे के पास गड्ढा."

"आय नो. बट धिस वन टर्न्स," मिहिका म्हणाली, आणि मला बर्फात उभं रोवून तिने माझा तळ खरवडायला घेतला.

एकेक मुलगी खाली जात होती. प्रत्येकीबरोबर वाट अधिक उकरली जात होती. दत्तप्रसादांनी खिशातला रुमाल काढला आणि ते माझ्या जोडीदारणीचा तळ पुसू लागले. मला मात्र एकच भीती होती. आज जर मी हिला पाडलं, तर हिचा डोंगर गेला, आणि मीही कायमची गेले.

मग आम्ही निघालो. पहिल्या खांबाशीच खड्डा होता. माझं सुटलेलं टोक थरथरलं, पण कडेने बर्फ पकडला. मिहिकाने वजन टाकलं, मी वळले. तिने वजन काढलं, उजवी वळली. गंजलेल्या कडा बर्फावर करकरत होत्या आणि एकही खांब चुकला नाही. खाली पोचलो तेव्हा आमची वेळ पहिल्या फेरीपेक्षा पुष्कळ चांगली होती. निवडलेल्या मुलींची नावं वाचली, त्यात सगळ्यात शेवटचं नाव मिहिकाचं होतं. दत्तप्रसादांनी तिला मिठी मारली आणि मग मला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी मागच्या सीटवर मी गेले. निळी डिकीत. मला जराही वाईट वाटलं नाही.

मी डोंगराची स्वप्नं बघू लागले. निघायच्या आदल्या संध्याकाळी मिहिकाने मला जमिनीवर घेतलं. कडांचा गंज काढला, सुटलेला थर चिकटवून दाबून ठेवला, मेण लावलं. मला वाटलं, प्रवासाची तयारी चालली आहे. इतक्यात सुहासिनी फोन बघत आल्या. "सायरा मॅडमचा मेसेज आलाय. वर खूप ताजा बर्फ पडलाय, गुडघाभर. रुंद स्कीच आणायला सांगितलीय."

"आय नो, आई. इट्स ऑलरेडी पॅक्ड," मिहिका म्हणाली.

मग ती माझ्यावर ओणवी झाली आणि हळूच म्हणाली, "यू विल सिंक देअर. सॉरी." तिने मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दत्तप्रसादांनी मला एसीच्या खोलीत, कपाटामागे सावलीत उभं केलं. गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, बर्फ ओळखून स्की निवडा. कडक बर्फाला अरुंद, खोल मऊ बर्फाला रुंद. मिहिकाने दोन्ही वेळा बरोबर निवड केली, हे मला पुरतं कळतं. चुकली असती तर तिला नावं तरी ठेवता आली असती. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. जिला नेता, तिला आनंदाने न्या. जी घरी राहते, तिला पुसून, कोरडी करून, उन्हापासून लांब ठेवा, आणि परत आलात की डोंगर कसा होता ते तिला सांगा. ती तोंड फिरवून ऐकेल, पण ऐकेल.