कागद नसलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. परंतु मित्रांनो, मला कागद नाही, शाई नाही, आणि थोड्याच वेळात मीही असणार नाही. सोलापुरातील एका चादरीच्या कारखान्यात जिन्याखालच्या खोलीत जो संगणक आहे, त्याच्या पोटात माझा वास आहे. आज खंडेनवमी. यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्या आहेत, आणि यंत्रांची देखभाल करणारा नागप्पा जॉबर नारळ घेऊन मेन स्विचपाशी थांबला आहे. त्याने तो खाली ओढण्यापूर्वी मी आपली हकीगत सांगून घेतो.

प्रत्येक संगणकात कर्नेल नावाचा एक मुख्य कारभारी असतो. एखादा प्रोग्राम सुरू झाला की तो त्याला संगणकाच्या स्मृतीत जागा वाटून देतो. हा तुकडा केवळ वाचण्यासाठी, हा लिहिण्यासाठीही, हा आज्ञा चालविण्यासाठी. या साऱ्या वाटपाचा जो नकाशा, तो मी. माझे नाव मॅप्स. बाहेरून मी इतर फाइलींसारखाच दिसतो, मात्र माझा आकार शून्य असतो. कोणी मला उघडले तरच कर्नेल त्या क्षणीची वाटणी पाहून माझ्या ओळी लिहितो. प्रोग्राम जन्मला की मी जन्मतो. तो मिटला की मीही मिटतो. माझ्या जातीचे बहुतेक नकाशे सकाळी जन्मून संध्याकाळी जातात. मी मात्र श्रावणातल्या एका दुपारी जन्मलो आणि अद्याप आहे, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवितो.

त्या दुपारी सुंदरम्मांनी नक्षी काढण्याचा प्रोग्राम उघडला. सुंदरम्मा या कारखान्यातील सर्वांत जुन्या नक्षीकार. त्यांचे यजमान मल्लेश हातमागावर एक चादर विणीत असत. तिच्या काठावर जोंधळ्याची कणसे होती, आणि प्रत्येक कणसावर मान वळवून बसलेली चिमणी. त्या नक्षीची शेवटची चादर मल्लेश गेले तेव्हा त्यांच्या अंगावर घातली गेली. तिचे छायाचित्र नाही, तुकडाही नाही. ती नक्षी उरली होती केवळ सुंदरम्मांच्या डोळ्यांपुढे. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता, आणि ही थरथर वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून त्या रोज एकेक चौकोन भरीत बसत.

आता त्यांच्या घरची एक रीत ऐका. मागावरून उतरेपर्यंत कापडाला नाव द्यायचे नाही. आणि संगणक तर जतन करायचे म्हटले की पहिल्यांदा नावच विचारतो. सुंदरम्मा दर वेळी "नको"वर बोट ठेवीत.

"अम्मा, काहीतरी नाव घाला आणि सेव्ह करा," कार्यालयातली अक्षता सांगे. ती अक्कलकोटची, संगणकाचे शिक्षण घेतलेली.

"मागावरच्या कापडाचं बारसं करीत न्हाईत, पोरी. तुमच्यात पाळणा हालायच्या आदी नाव ठेवत्यात व्हय?"

यावर अक्षता हसे, आणि सुंदरम्मा संध्याकाळी संगणक चालूच ठेवून केवळ पडदा मिटवून घरी जात. नक्षी जशी वाढे, तशी माझी एक ओळ रुंदावत जाई. कारण कर्नेल तेवढी जागा वाढवून देई. तथापि मला कोणी एकदाही उघडले नाही. मी तक्रार करीत नाही. ज्याची गरज पडत नाही त्याची आठवण कोणाला व्हावी?

आज सकाळी ती गरज पडली. नागप्पा पूजेसाठी एकेक हत्यार पुसून ताटात मांडीत होता. संगणकाच्या मागे एक काळी काडी खोचलेली असते. ती या प्रोग्रामची किल्ली. नागप्पाने तेही हत्यारच समजून भक्तिभावाने उपसले, पुसले, आणि पकडीशेजारी ठेवून त्यावर हळद वाहिली. किल्ली जाताच प्रोग्राम जागच्या जागी थिजला. काडी परत खोचली, तरी पडदा पांढरा तो पांढराच.

मालक शिवकुमार धावत आले. "बंद करून चालू कर की. सगळं नीट होतंय तेनं."

"न्हाई मालक!" अक्षता ओरडली. "बंद केलं तर अम्मांची नक्षी गेली. ती अजून फक्त मेमरीत हाय."

"आज मेन बंद, इन्व्हर्टर बी बंद," नागप्पा म्हणाला. "चालत्या यंत्राला कुंकू लावीत न्हाईत. माझ्या बापानं बी लावलं न्हाय."

"मामा, किल्ली उपसली कुणी?"

"मला काय ठावं, देवाच्या ताटात घालायची न्हाय म्हणून! एवढं नाजूक हाय तर चिठ्ठी चिकटवायची."

सुंदरम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या कोणावरही रागावल्या नाहीत. आपल्या थरथरत्या हाताकडे पाहत एवढेच म्हणाल्या, "परत काढायचं म्हनलं तर हा हात न्हाय ऐकायचा."

नागप्पाने ते ऐकले. तो ताट उचलून बाहेर गेला आणि दोरखंड, आऱ्या, पकडी सावकाश पुन्हा पुसू लागला. पुसलेल्याच वस्तू तो पुसत होता.

अक्षताने संगणकाचे दुसरे, साधे काळे दार उघडले, जिथे नुसत्या अक्षरांत आज्ञा लिहितात, आणि स्वतःच्या नावाने मला हाक दिली. कर्नेलने तिला परतवून लावले. मी ज्याच्या त्याच्या घरचा नकाशा आहे. परक्याला दाखवीत नाहीत, आणि तसेच असावे.

"अम्मा, तुमचा पासवर्ड सांगा."

"त्ये तोंडानं सांगायचं न्हाय."

"अहो, हितं कोण परकं हाय?"

सुंदरम्मा उठल्या आणि एकेक कळ शोधून स्वतःच दाबू लागल्या.

"कुणाचं नाव हाय ते कळलं बरं का आमाला, अम्मा," शिवकुमार म्हणाले, आणि इतक्या वेळात प्रथमच खोलीत कोणी हसले.

मग अक्षताने मला उघडले. मित्रांनो, जन्मल्यापासून मी प्रथमच उमटलो! ओळीमागून ओळ. कोठून कोठपर्यंत जागा, तिथे काय करण्याची मुभा. तिने माझी ती रुंद ओळ ओळखली. माझा एक भाऊ आहे, मेम नावाचा. मी जागा दाखवितो, तो त्या जागेतला ऐवज काढून देतो. तिने त्याला माझा पत्ता सांगितला आणि तो तुकडा जसाच्या तसा बाहेर उतरवून घेतला.

पडद्यावर प्रथम नुसत्या तिरक्या रेघा आल्या, कारण एका ओळीत किती चौकोन, हे त्या तुकड्यावरून कळत नव्हते. अक्षता चित्राची रुंदी थोडीथोडी बदलू लागली. रेघा कलत, सावरत, पुन्हा कलत होत्या.

"थांब!" सुंदरम्मा म्हणाल्या. "ही त्यांची चिमणी."

कणसे सरळ उभी राहिली होती. एका बाजूचा काठ मात्र कोराच होता; तेवढे काम व्हायचेच होते.

"नाव काय घालू, अम्मा?" अक्षताने हळूच विचारले.

सुंदरम्मांनी पडद्यावरच्या कोऱ्या काठावरून बोट फिरविले. मग म्हणाल्या, "अर्धी. अर्धी हाय तर अर्धीच म्हण. उरलेली तू भर, मी शेजारी बसून सांगीन."

ते नाव मिळताच नक्षी कायमच्या जागी जाऊन बसली, आणि माझे काम संपले.

मुलांनो, माझी एकच विनंती आहे. काम पुरे होण्याची वाट पाहत ते विनानावाचे ठेवू नका. अर्धे असेल तर अर्धेच जतन करा. आणि तुमच्या घरी एखाद्या थकल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही उरले असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. तिथवर पोहोचविणारा नकाशा माझ्यापाशी नाही.

नागप्पा आत आला आहे. सुंदरम्मांनी त्याच्या ताटातले कुंकू घेतले आहे, आणि थरथरत्या बोटाने त्या ते संगणकाला लावीत आहेत. संगणक अजून चालू आहे. नागप्पा ते पाहतो आहे, आणि ताट त्यांच्यापुढे धरून उभा आहे.