खंडेनवमीची सुट्टी मला नको

मी क्रॉन बोलतोय. इकडं तिकडं बघू नका, मी दिसायचा नाही. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात ठरल्या वेळी ठरलेली कामं लावणारा मुकादम मी! वेळ झाली की काम झालंच पाहिजे, एवढंच मला कळतं. बाकी अक्कल मला नाही.

माझे भाऊबंद मोठ्या कचेऱ्यांच्या थंडगार खोल्यांत राहतात. माझ्या नशिबी आलं नांदेडकडच्या लोहा गावाजवळच्या शेतातलं पत्र्याचं शेड. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेल्या वर्षाराणीनं मला तळहाताएवढ्या डबीत बसवलं आणि गावरान अंडी उबवायच्या पेटीला जोडलं. दर मिनिटाला पेटीतली ऊब तपासायची, कमी झाली तर बल्ब लावायचे, वाढली तर विझवायचे. मधूनमधून अंडी कलती करायची. कोंबडी निदान दाणे टिपायला तरी उठते. मला तेवढीही उसंत नाही.

तिच्या सासऱ्यांनी, शेषेरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एक खेप काढून दाव. पिलं निघाली तर ठीक, न्हाईतर ही पेटी मोडीत. गावच्या कोंबड्या काय संपावर गेल्यात का?" वर्षाराणीचा सगळा जीव त्या एका खेपेत अडकला. माझाही अडकला, खोटं कशाला बोलू!

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दर मिनिटाला तिच्या मोबाइलला "मी हाय" अशी हाळी द्यायचं कामही तिनं मला लावलं होतं. हाळी आली नाही की मोबाइल बोंबलणार. एवढा बिनचूक चालून राहिलो, तरी माझ्यावर पाळत? मला लई राग यायचा.

खंडेनवमी आली तेव्हा पिलं फुटायला थोडेच दिवस उरले होते. वर्षाराणी औषध आणायला नांदेडला गेली होती. इकडं तिच्या सासूबाईंनी, साखराबाईंनी विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप धुऊन मांडले. आमच्याकडं या दिवशी औजाराला पूजतात, राबवत नाहीत. मग त्या शेडात आल्या.

"लेकरा, रातंदिस राबून राहिलास. आज तूबी ईसावा घे," असं म्हणून त्यांनी मायेनं माझं बटण बंद केलं. डबीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

पुढचं मला नंतर ऐकून कळलं. बल्ब विझले, हाळी थांबली आणि नांदेडच्या दुकानात वर्षाराणीचा मोबाइल बोंबलला. तिनं घरी फोन लावला.

"आत्या, डबी बंद पडली का?"

"पडंल कशाला? म्या केली. खंडेनवमी हाय की आज."

"अहो, तिच्याच जिवावर अंड्यांना ऊब हाय! पिलं आतल्या आत मरतील!"

फोन तसाच टाकून साखराबाई धावल्या. मी जागा झालो तेव्हा पेटी गार पडत चालली होती. त्यांनी पेटीवर वाकळ पांघरली आणि तिथंच बसून राहिल्या. "देवा, माझ्या सुनेचं वाटोळं करू नको रं," एवढंच पुटपुटत होत्या. हुकलेली मिनिटं मला भरून काढता येत नाहीत. समोरचं मिनिट तेवढं माझं. मी बल्ब लावले आणि पुन्हा हाळी द्यायला लागलो.

आणि एका सकाळी टकटक सुरू झाली! सगळीच अंडी फुटली नाहीत, पण शेड चिवचिवाटानं भरून गेलं. शेषेरावांनी एक ओलं पिलू तळहातावर घेतलं आणि विचारलं, "सूनबाई, दुसरी खेप कवा लावायची?"

आता शेडात दोन पेट्या आहेत. खंडेनवमीला झेंडू मिळतो, पण चालू असताना. पाळतीचा रागही गेला. माझी हाळी कुणीतरी ऐकतंय, म्हणून तर मी आज बोलतोय. तुमच्याही घरात रोज न चुकता राबणारं कुणी असेल. ते गप्प झालं, तर विसावा घेत असेल असं म्हणून सोडू नका, विचारा.

साखराबाई आता रोज सकाळी दारातूनच विचारतात, "हायस का रं?"

मी हिरवा दिवा लुकलुकवतो. हाव आजी, हाय.