बोकडाचा होकार

माघातली सकाळ. शुक्रवार पेठेत धुळाप्पाच्या अंगणात भावकी जमली होती. धुळाप्पा मूळचा माळशिरसकडचा, मेंढरं सोडून गिरणीत लागलेला. पोरगी तापातून उठली तर देवाला बोकड कापीन, असा त्याचा नवस होता. पोरगी उठली. बोकड घरचाच, त्याची आई मेल्यावर धुळाप्पाच्या बायकोनं, केराबाईनं, वाटीनं दूध पाजून जगवलेला. ती चुलीकडं तोंड करून बसली होती.

रीत तुम्हा-आम्हांला ठाऊक आहेच. बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झटकलं की तो मरायला कबूल झाला. मग पाप कुणाच्याच माथी नाही. माणसासारखा सोयीचा विचार करणारा प्राणी दुसरा नाही बघा.

धुळाप्पानं तांब्या ओतला. बोकड ढिम्म. दुसरा ओतला, तिसरा ओतला. बोकड आपला केराबाईकडं बघत उभा.

"कानात वत की," भावकीतले वडीलधारे आप्पा म्हणाले. "आपसूक झटकतंय."

तेवढ्यात गोजाबाई उठली. ही धुळाप्पाची आत्या. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला, मटणाला कधी नाही न म्हणणारी. तिनं रांजणातल्या गार पाण्यानं तांब्या भरला आणि धुळाप्पाच्या उघड्या पाठीवर रिकामा केला.

धुळाप्पानं अंग झटकलं. "आत्ये, काय करतीस!"

"झटकलंस न्हवं? म्हंजी तूबी कबूल."

सगळे हसले. गोजाबाई हसली नाही.

"मीबी लई बकरी खाल्ली. पर भूक माजी हुती, आसंच म्हनत आले. त्याच्या तोंडात होकार कशापायी कोंबता? नवस कुनी बोलला, धुळा?"

"मी."

"मग फेडायचा त्यानं?"

"देवाला शबूद दिलाय, आत्ये. भावकी काय म्हनंल?"

"भावकी जेवून जाईल. तू तुजं कायतरी दे, देताना तुला लागंल आसं."

धुळाप्पाला बोकडाकडं बघायची लाज वाटू लागली. मग त्यानं कमरेची तंबाखूची चंची सोडली आणि देवापुढं ठेवली. पुन्हा कधी तंबाखूला हात लावला नाही. आप्पांनी तोंड वाकडं केलं, पण नैवेद्याच्या पुरणपोळीला बसले.

केराबाईनं फडकं आणून आधी बोकडाची पाठ पुसली, मग नवऱ्याची.

मंडळी, जनावरांवाचून आपलं चालत नाही. दूध घेतो, लोकर घेतो, ओझं वाहून घेतो. पण जे घेतलं ते 'मी घेतलं' म्हणावं, 'त्यानं दिलं' म्हणू नये. एवढं खरं बोलायला लागलो, तर निम्मं घ्यायला हातच उचलणार नाही.