भुईवाल्यांचे तळवे

"नुसत्या पायांनी कळतं?" साहेबांनी विचारलं.

"एकतीस वर्षं कळतंय, साहेब," असं म्हणून भुईवाले नवव्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या काळ्या दगडावर अनवाणी उभे राहिले.

प्रश्न तसा रास्त होता. साहेब नवे, त्यांचं सैन्य शहरात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. सहा वर्षांत शहर पाच वेळा या हातातून त्या हातात गेलं होतं आणि दोन्ही सैन्यांची नावं लक्षात ठेवणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. जे शहरात असतील ते 'आत्ताचे'. जे आभाळातून बाँब टाकत असतील ते 'मागचे'. पुढच्या खेपेला फक्त अदलाबदल करायची. दोघांचीही घरं कुठल्या कुठल्या ताऱ्यांकडे होती, पण दोघांनाही इथली खाण हवी होती, कारण तिच्यातल्या धातूवाचून त्यांची जहाजं या ताऱ्याहून त्या ताऱ्याला जाऊ शकत नसत. म्हणून खाणीला दोघंही जिवापाड जपत. बाँब पडायचे ते घरांवर.

आणि घरं ज्वालामुखीच्या अंगावर. खालची भुई कधी कुठे तापेल याचा नेम नाही. आज गार असलेल्या गल्लीतून उद्या वाफ उसळायची. पूर्वी जमिनीत मोजमापाच्या सळया होत्या, त्या मागच्यांनी जाताना उपसून नेल्या. उरले भुईवाले. त्यांनी रोज सकाळी अकरा गल्ल्यांच्या अकरा दगडांवर अनवाणी उभं राहायचं, मनात सावकाश वीस मोजायचे आणि खडूने दगडावर खूण करायची. गोल म्हणजे निवांत राहा. रेघ म्हणजे तळघरात जाऊ नका. फुली म्हणजे उचला बाडबिस्तरा. वीसच का, तर दगड वरून फसवतो. आतली धग तळव्यांत चढायला तेवढा वेळ लागतो, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच शिकवलं होतं.

"आणि लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात?"

"डोळे उघडे ठेवूनही ठेवतात," पहिल्याच घराच्या दारातून अक्का म्हणाली. अक्का म्हणजे भुईवाल्यांची थोरली बहीण. "साहेब, याला पाय मिळाले ते आमच्या वडिलांचे. डोकं कुठून आलं ते मात्र विचारू नका."

साहेब हसले. भुईवालेही हसले, पण वरवर. कारण खरी गोष्ट अशी की त्यांच्या तळव्यांना काहीसुद्धा कळत नव्हतं.

वर्षापूर्वी तिसऱ्या गल्लीत वाफ फुटली, तेव्हा माणसं बाहेर काढता काढता त्यांचे पाय भाजले. जखमा भरल्या, नवी कातडी आली, पण तिच्यात जीव आला नाही. खिळा रुतला तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नसे. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आत्ताचे असोत की मागचे, दोघांचाही नियम सरळ होता: कामाचा माणूस राहील, बिनकामाचा जहाजात बसेल. जहाज कुठल्या ग्रहावर नेतं ते कोणी सांगत नसे आणि गेलेला माणूस आजवर परतला नव्हता. इकडे त्यांची एकुलती एक लेक, आता तर पोटुशी, सातवा लागला होता. जावई मागच्या चढाईत गेला. लेक खाणीत धातूचे दगड निवडायला जायची, त्यामुळे तिला शहर सोडू देणार नव्हते. तिला टाकून बापाने जहाजात बसायचं? त्यापेक्षा त्यांनी पहिल्यापासूनच एक युक्ती काढली होती. खूण करायला वाकलं की डाव्या हाताची पाठ हळूच दगडाला लावायची आणि पुन्हा वीस मोजायचे. एवढासा गोल काढायला याला किती वेळ लागतो म्हणून लोक चेष्टा करायचे. करेनात का! वर्षभरात एक खूण चुकली नव्हती.

आज मात्र साहेब डोक्यावर उभे.

"आता आणखी काय बघताय खाली वाकून?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "झाले ना तुमचे वीस?"

"झाले, झाले." चोराच्या मनात चांदणं! भुईवाल्यांनी हात टेकला न टेकला. दगड गारगार लागला. त्यांनी झटकन गोल काढला आणि ते उठले.

"अक्का, निवांत गं."

"मी कधी नव्हते?" अक्का म्हणाली आणि आत गेली.

दुपारी ते सहाव्या गल्लीत, आपल्या घरी जेवायला बसले. लेक समोर बसली होती, एक हात पाठीला लावून. बायकोने अर्धाच तांब्या पाणी पुढे ठेवलं.

"पुरवून प्या. आज पाण्याची बोंब आहे. पहाटे टँकर फुटला ना."

"कुठे?"

"नवव्या गल्लीच्या तोंडाशी. सगळं पाणी त्या दगडावर ओतलं गेलं म्हणे. अक्कांची मोलकरीण सांगत होती, बादल्या घेऊन धावलो तोवर... अहो, काय झालं?"

भुईवाल्यांचा घास हातातच राहिला होता. दगड गार नव्हता, भिजलेला होता. ओल दिसली होती, पण ती त्यांनी पहाटेच्या दवाची धरली होती. तळव्यांत जीव असता तर वीस मोजेपर्यंत ओल्या दगडातूनही धग कळली असती. हात टेकला होता क्षणभर.

ते उठले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. मागचे आले होते. सगळी गल्ली तळघराकडे पळायला लागली आणि भुईवाले उलट दिशेला.

"अहो, कुठे निघालात? वेड लागलंय का?" बायको ओरडली.

"बाबा!"

"आलोच. तू आईबरोबर आत जा, हात सोडू नकोस तिचा."

नवव्या गल्लीपर्यंत पोचेतो दोन बाँब पडले, दोन्ही चौथ्या गल्लीकडे. दगड आता कोरडा ठणठणीत होता आणि वरचा गोल अजून छान दिसत होता. त्यांनी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. दगडाला लागूनच गल्लीच्या तळघराचं लोखंडी दार. आत साठ माणसं असणार. ते दगडावर उभे राहिले आणि दोन्ही मुठींनी दार बडवू लागले.

दाराची झडप उघडली. आत वेल्डर होता, खाणीतल्या गाड्यांना ठिगळं लावणारा, गल्लीतला सगळ्यांत तोंडाळ माणूस.

"काका? या, या, लवकर आत या!"

"मी आत येत नाही, तुम्ही बाहेर या. सगळे. भुई तापलीय."

"वरून काय पडतंय ते दिसत नाही का? आगीतून उठून फुफाट्यात जाऊ? आणि गोल काढलाय तुम्हीच."

"चुकला तो."

"तुमचा गोल? चुकला?" वेल्डर हसला. "एकतीस वर्षांत नाही चुकला तो आजच? डोकं फिरलंय तुमचं भीतीने. आत उकडतंय ते माणसांमुळे. यायचं तर ये म्हाताऱ्या, नाहीतर मर तिकडे!"

तिसरा बाँब पडला. झडप बंद व्हायला लागली तशी भुईवाल्यांनी तिच्यात हात घातला. ही माणसं आपलं ऐकणार नाहीत, हे त्यांना कळून चुकलं. ऐकतील कशी? त्यांचा विश्वास बसलाय तो आपल्या तळव्यांवर. तो मोडल्याशिवाय एकही जण हलायचा नाही. पाठीला हात लावून बसलेली लेक त्यांना आठवली. मग ते बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले.

"माझे तळवे मेलेत! वर्ष झालं. मी हाताने बघतो आणि तुम्हांला पायाने बघितलं म्हणून सांगतो. आज घाईत फसलो."

माणसं बाजूला सारत अक्का झडपेशी आली.

"खोटं बोलतोयस. आम्हांला बाहेर काढायला खोटं बोलतोयस."

"नाही गं, अक्का."

अक्काने खाली बघितलं. तिचा भाऊ त्या दगडावर चटईवर उभं राहावं तसा निवांत उभा होता, आणि त्याच्या तळव्यांच्या कडांची कातडी पांढरी पडून सुटत चालली होती. वास येत होता.

"पाय काढ!" ती किंचाळली. "अरे मेल्या, पाय काढ, भाजतायत तुझे!"

"मला काय कळतंय," भुईवाले म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं.

वेल्डरने दार उघडलं. पुढचं सगळं त्यानेच केलं, शिव्या देत देत. म्हाताऱ्यांना उचललं, पोरांना ढकललं, सगळ्यांना भिंतीच्या कडेकडेने सहाव्या गल्लीकडे पळवलं. तो सगळ्यांत शेवटी निघाला आणि सहाव्या गल्लीपर्यंत पोचला नाही. पाचवा बाँब वाटेतच पडला.

त्यानंतर अर्ध्या तासाने नवव्या गल्लीच्या तळघरातून वाफ फुटली. लोखंडी दार समोरच्या छपरावर जाऊन पडलं.

दवाखान्यात भुईवाल्यांच्या पायांना घोट्यापर्यंत पट्ट्या बांधल्या. बायको शेजारी बसून होती.

"वर्षभर शेजारी झोपलात," ती म्हणाली, "आणि मला सांगितलं नाही?"

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते तर घाबरले असते! रोज सकाळी तुमच्याआधी जाऊन दगड बघून आले असते. दोघांनी मिळून लपवलं असतं." मग तिने डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी वेल्डरची बायको आली. उभ्याउभ्याच बोलली. "ते तुम्हांला नको ते बोलले म्हणे. जिभेला हाड नव्हतं त्यांच्या. मनावर घेऊ नका, काका." सकाळी गोलाऐवजी फुली काढली असती तर तो आज घरी असता, हे तिलाही ठाऊक होतं. ती ते बोलली नाही. भुईवाल्यांनी हात जोडले, तर तिने ते हाताने खाली केले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन आले.

"साठ माणसं वाचवलीत, तसं लिहिलंय मी वर. पण आता तुम्हांला काम कुठलं देऊ?"

"काम नाही, साहेब."

"जहाज शनिवारी आहे. पत्नीला बरोबर नेता येईल. पण भुई कोण बघेल?"

भुईवाल्यांनी रात्रभर तोच विचार केला होता. "माझी लेक बघेल. आमच्या घराण्याचे तळवे आहेत तिचे. पण मग तिला खाणीत पाठवायचं नाही, बाळंतपणानंतरसुद्धा नाही."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. शनिवारपर्यंत चार सकाळी मिळाल्या. भुईवाले हातगाडीवर बसायचे, बायको गाडी ढकलायची आणि लेक चपला काढून एकेका दगडावर उभी राहायची. "घाई करू नकोस. कोणी साहेब असो की आणखी कोणी असो, वीस म्हणजे वीस. आणि हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, सातव्या गल्लीत आत काहीतरी चढतंय, हळूहळू, पिंढरीकडे." त्यांनी वर बघितलं आणि तिला रेघ काढायला सांगितलं. ही रेघ बरोबर की चूक हे त्यांना स्वतःला कळायचा काही मार्ग उरला नव्हता. संध्याकाळी सातव्या गल्लीच्या तळघराच्या भिंतीला घाम फुटला तेव्हा त्यांना झोप लागली.

शनिवारी सकाळी लेक जहाजतळाच्या तारेशी आली ती अनवाणीच, थेट कामावरून. पोट सांभाळत ती तारेला टेकली.

"आठ गोल, दोन रेघा," ती म्हणाली. "नवव्यात अजून फुलीच."

"वीस मोजलेस?"

"मोजले, बाबा." अक्का तिच्या पाठीशी उभी होती. "आता जा रे तू," अक्का म्हणाली. "पोरीला मी बघते. तुझ्यापेक्षा बरी बघते."

जहाजात दीडशे माणसं, पण बसायला बाकं चार. बायकोने त्यांना भिंतीशी उभं केलं आणि दंड घट्ट धरून ठेवला. तळावर त्यांना बूट दिले होते, जन्मात पहिल्यांदा. खिडकी नव्हती. दार लागलं, दिवे लागले. समोरची एक बाई एकाएकी खाली बसली आणि तिने दोन्ही तळहात जमिनीला लावले. कोणीतरी हुंदका दिला. भुईवाले थोडा वेळ वाट बघत राहिले.

"निघालं का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"केव्हाच," ती म्हणाली.