दसऱ्याला मिळालेला विसावा

मित्रांनो, मला आता काहीच धरता येत नाही. पण एके काळी धरणं हेच माझं काम होतं, आणि ते मी इतकं छान करायचे की परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझी कुपी बाहेर निघाली की बोलणारे गप्प व्हायचे. मी बोटाच्या पेराएवढ्या कुपीतलं एक जुनं प्रथिन. मी जंगलात सापडले नाही की शेतात उगवले नाही. मला दमयंती टंडेल नावाच्या ताईने मुद्दाम घडवलं. ती मला 'बया' म्हणायची, म्हणून मीही स्वतःला बयाच समजते.

तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, त्यांच्या अंगावर ग्राही असतात. ग्राही म्हणजे त्यांचे कानच म्हणा. अंगात जंतू शिरले की निरोप या कानांवर पडतो आणि पेशी लढायला उठतात. अशा कानांचे कितीतरी प्रकार. त्यातल्या एकाच प्रकाराला मी ओळखायचे आणि त्याला घट्ट बिलगायचे. माझ्या शेपटाला चमकणारा रंग जोडलेला होता. मी बिलगले की ती पेशी यंत्रातल्या लेसरपुढे हिरवीगार उजळायची. कान असेल तर उजेड, नसेल तर काळोख. इतकं साधं, आणि इतकं मोठं.

दमयंतीताई माहीमच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासळी विकायची. माझी निवड कशी झाली ते ताई नव्या विद्यार्थ्यांना घरच्याच भाषेत सांगायची. थाळीच्या तळाला तो ग्राही आमिष म्हणून चिकटवला, त्यावर माझ्यासारख्या असंख्य जणी ओतल्या, आणि पाण्याने खळाखळा धुतलं. सुटल्या त्या वाहून गेल्या. बिलगून राहिल्या त्यांना पुन्हा ओतलं, पुन्हा धुतलं. सगळ्यात शेवटपर्यंत जी सुटली नाही ती मी. मग साध्या जिवाणूंच्या पोटात माझी पैदास केली आणि त्यांचं बियाणं वरच्या मजल्यावर खोल गारठ्यात जपून ठेवलं. मी स्वतः मात्र भारी नाजूक. गोठवलं की मोडायची, उबेत ठेवलं की माझी घडी विस्कटायची. साध्या फ्रिजचा गारवा हाच माझा जीव. फ्रिजच्या दारावर तशी सूचनाही होती, इंग्रजीत, छापलेली.

आता लवूमामाबद्दल सांगायलाच हवं, कारण माझी गोष्ट म्हणजे त्याचीच गोष्ट आहे. लवूमामा कोकणातला, राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. तरुणपणी तो लालबागच्या एका मिलमध्ये मागावर होता. आमच्याकडे तो कंत्राटावर काचेची भांडी धुवायचा, चहा आणायचा, आणि प्रत्येक तपासणीला थोडं स्वतःचं रक्तही द्यायचा. कारण आजारी माणसाच्या पेशींशेजारी निरोगी माणसाच्या पेशी लावून बघाव्या लागतात. माझं काम नीट चाललंय की नाही, ते त्यावरून कळतं. मामाच्या पेशी कायम उजळायच्या. ताई म्हणायची, "मामा, तुझं रक्त म्हणजे आमचं घड्याळ." त्यावर मामा म्हणायचा, घड्याळालाही चावी लागते, बिस्किटाचा पुडा आण आधी. पुडा फोडताना तो खोकायचा. मिलमधला कापूस अजून छातीत बसलाय म्हणायचा.

मिलमधल्या दसऱ्याबद्दल तो किती बोलायचा! त्या दिवशी माग थांबायचे. तेलकट धूळ पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. बायकामुलं नवे कपडे घालून माग बघायला आत यायची. यंत्राला वर्षाचा तेवढाच विसावा. दुसऱ्या दिवशी हात जोडून पुन्हा चालू. मग संप आला. त्या वर्षीच्या दसऱ्याला मामा गेटबाहेर उभा होता, हातात हार, आणि आत कुणाला सोडत नव्हते. हार त्याने फाटकाला अडकवला. त्याचा माग पुन्हा कधीच चालला नाही. बाकी लोक त्याची हजार कारणं सांगत. मामाच्या मनात मात्र एकच बसलं होतं. त्या वर्षी मागाला फूल मिळालं नाही.

त्याची नात दुर्वा दोन वर्षांची. तिला सारखा ताप यायचा, कान वाहायचे, एक दुखणं संपायच्या आत दुसरं हजर. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना संशय आला की तिच्या पेशींना तो माझा कानच नसावा. तसं असेल तर तिला तिच्या भावाच्या हाडांतला मगज द्यावा लागणार होता, आणि लवकर. तसं नसेल, तर इतका मोठा धोका पत्करायचा नाही. ठरवायचं होतं माझ्या उजेडावरून. बाहेरून दुसरं प्रथिन मागवायचं तर महिने गेले असते. दसऱ्याच्या सुट्टीनंतर लगेच तिची तपासणी ठेवली.

त्याच वर्षी आमच्या खोलीची किल्ली मामाकडे आली होती.

दसऱ्याच्या सकाळी दार उघडलं. मी आतून ऐकत होते. त्याने लेसरचं यंत्र पुसलं, टेबल पुसलं, मग फ्रिज. दादरहून आणलेल्या झेंडूचा वास रबराच्या पट्टीतून आत आला. मामा पुटपुटत होता, माझ्या नातीचं नीट दाखव गो माय. आणि मग खटका पडला.

मित्रांनो, फ्रिजची घरघर थांबल्यावर जी शांतता होते ना, ती मला आजही आठवते. मामाला वाटलं, विसावा दिला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. आधी बर्फाचं पाणी झालं, मग माझ्या कुपीला घाम आला. दिवस गेला, रात्र गेली. माझी एकेक घडी सुटत गेली, आणि सुटलेल्या घड्या एकमेकींत गुंतून माझा नुसता गुंता झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मामाने हात जोडून बटण चालू केलं आणि सांडलेलं पाणी पुसून टाकलं. ताई आली तेव्हा फ्रिज गार होता. दारावर झेंडूचं फूल होतं. ताई हसलीसुद्धा.

दुर्वाच्या पेशी लेसरपुढून जाऊ लागल्या. मामा दाराशी उभा. पडदा काळा. एकही हिरवा ठिपका नाही. मी किती धडपडले म्हणून सांगू! तो कान समोर होता की नव्हता, तेही मला कळत नव्हतं, कारण माझ्याकडे धरायला हातच उरले नव्हते. मामा आत येऊन स्टुलावर बसला. "नाय ना गो ताई?" एवढंच त्याने विचारलं.

 ताईने मामाच्या रक्ताची नळी लावली. पडदा पुन्हा काळा.  घड्याळ कधीच चुकत नव्हतं. तिने माझी कुपी उजेडात धरली. मी गढूळ झाले होते, ताकासारखी.

"मामा, फ्रिज बंद झाला होता का?"

"दसरो होतो ना," मामा म्हणाला. "मशीनीक एक दिवस विसावो नको? मीच बटन बंद केलंय."

मग त्यालाच कळलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, जणू ते आता कशालाच लागू नयेत.

ताई दार लावून घेऊन हळू आवाजात म्हणाली, की प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना लाइट गेली होती असं सांगू, कंत्राटदाराला कळलं तर तो तुला एक दिवस ठेवणार नाही. मामा नको म्हणाला. "लाइट गेली म्हटलंस तर फुडच्या दसऱ्याक दुसरो कोणतरी बंद करीत. तेची पण नात आसात." तो स्वतः उठून मॅडमच्या खोलीत गेला. संध्याकाळी त्याचा डबा आणि छत्री खुंटीवरून गेली.

ताईने वरच्या मजल्यावरचं बियाणं काढलं. जिवाणू वाढवायचे, मला वेगळं करायचं, रंग जोडायचा, यात आठवड्यांमागून आठवडे गेले. तेवढ्यात दुर्वाच्या छातीत कफ भरला आणि तिला काचेच्या खोलीत ठेवलं. शेवटी माझी धाकटी बहीण तयार झाली. निरोगी रक्त द्यायला मामाला बाहेरून बोलावलं. त्याच्या पेशी लख्ख उजळल्या, अगदी पूर्वीसारख्या. दुर्वाच्या नाहीच उजळल्या. या वेळचा काळोख खरा होता. मामा म्हणाला, माझेच काय ते कान काढून तिला द्या. तसं करता येत नाही.

भावाचा मगज तिला मिळाला आणि ती वाचली. पण वाया गेलेल्या त्या आठवड्यांनी तिचं एक फुप्फुस कायमचं अधू केलं. ताई तिला भेटायला नायगावला जाते, तीच सांगते. चाळीच्या जिन्यात आजोबा आणि नात एकाच वळणावर थांबतात. दोघांनाही धाप लागलेली असते.

मी आता ताईच्या खणात आहे. खरं तर मला फेकूनच द्यायचं, पण तिने ठेवलंय. फ्रिजवर तिने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहून लावलंय: 'याला बंद करू नका. चालू राहणं हाच याचा विसावा.' हे आधीच लावायला हवं होतं, असं ती मला एकदा म्हणाली. मित्रांनो, माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. एखाद्यावर माया करायची असेल तर आधी विचारा, तुला काय लागतं? आणि ज्याला ठाऊक आहे त्याने विचारायची वाट न बघता सांगावं, समोरच्याला कळेल अशा भाषेत.

पुढच्या दसऱ्याला लवूमामा आला होता. नोकरी नव्हती, पण वॉचमनने सोडलं. कडेवर दुर्वा, तिच्या तोंडाला मास्क. त्याने फ्रिजला फूल लावलं आणि मागे सरकला. फ्रिजमागच्या भिंतीवरच्या बटणाचा लाल दिवा बघून दुर्वाने तिकडे हात नेला. मामाने तो हात हवेतच अलगद धरला, आणि बाहेर जाईपर्यंत धरूनच ठेवला.